नव्याने बांधलेले चाक पुन्हापुन्हा आउट का होते : कारणे, तपासणी आणि उपाय

नवी रिम (बाहेरचे कडे), नवे स्पोक आणि चांगला हब (मधला गाभा) घालून बांधून घेतलेले सायकलचे चाक पहिल्या पंधरवड्यातच डुलू लागले, की बहुतेकांना संशय येतो तो रिमच्या दर्जाचा किंवा रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. चाक दुकानात जाते, स्टँडवर चढते, घासणाऱ्या जागेचे चार-पाच निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचे छोटे नट) फिरवून आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला जातो आणि चाक पुन्हा सरळ फिरू लागते. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत मात्र ते पूर्वीच्याच जागी, किंवा त्याहून वाईट म्हणजे नव्याच जागी, ब्रेकच्या गुटक्याला घासते. असे काही वेळा झाले की एके दिवशी हबपाशी एखादा स्पोक तुटतो आणि रिमच बदलून टाकण्याचा सल्ला मिळतो.

माझे मत असे आहे की अशा चाकांपैकी फार थोड्यांची रिम खरोखर खराब असते. दोष बहुधा बांधणीत असतो, आणि बांधणीतला दोष नुसता आउट काढून जात नाही. चाक सरळ फिरते आहे हे डोळ्यांना लगेच दिसते, पण स्पोकमधला ताण दिसत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा सगळा भर दिसणाऱ्या गोष्टीवर पडतो. चाक सरळ आहे का, हे शेवटी पाहायचे असते; आधी ताण पुरेसा आहे का आणि एका बाजूच्या सर्व स्पोकमध्ये तो सारखा आहे का, हे पाहायचे असते.

सायकलचे चाक भार पेलते ते स्पोकना आधीच दिलेल्या ताणाच्या बळावर. रिमचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो, तेथील मोजक्या स्पोकचा ताण भारामुळे कमी होतो आणि उरलेल्या स्पोकच्या ताणात फारसा फरक पडत नाही. म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. मूळ ताण भरपूर असेल तर हे सैलावणे त्या ताणातच सामावून जाते. तो अपुरा असेल तर चाक खड्ड्यात आपटताच खालचा स्पोक क्षणभर पूर्ण सैल पडतो, निपलचे डोके रिमच्या भोकातल्या आपल्या बैठकीवरून उचलले जाते आणि धक्क्यांच्या थरथरीने निपल आपोआप फिरून आणखी ढिला होतो. पुन्हापुन्हा आउट होणाऱ्या चाकाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. चाक घट्ट बांधल्याने स्पोक तुटतील, या भीतीपोटी ते मुद्दाम ढिले ठेवण्याची पद्धत म्हणूनच घातक ठरते. ताणाची दर फेऱ्यातली ही चढउतार जेथे शून्यापर्यंत पोहोचते, तेथे स्पोकचा धातू लवकर थकतो.

निपलला हात लावण्यापूर्वी

दोष चाकातच आहे याची खात्री आधी करून घ्यावी. सायकल उलटी करून किंवा टांगून रिम ब्रेकजवळ दोन बोटांत धरावी आणि डावी-उजवीकडे हलवावी. हातात खटखट जाणवली तर हबचे कोन (बेअरिंग जागेवर धरणारे नट) ढिले आहेत किंवा बेअरिंग खिळखिळे झाले आहे, आणि तो दोष दूर केल्याशिवाय आउट काढण्याला अर्थ नाही. त्यानंतर चाक चिमट्यात, म्हणजे सायकलच्या ज्या दोन दांड्यांमध्ये ते बसते तेथे, नीट बसले आहे का, ते पाहावे. क्विक रिलीज (चाक आवळून धरणारा खटका) सोडून, सायकल जमिनीवर उभी करून, हँडलवर थोडा भार देत पुन्हा आवळल्यावर अनेकदा घासणे तेवढ्यानेच थांबते.

रिम संपूर्ण फेऱ्यात एकाच बाजूला सारखीच सरकलेली दिसत असेल, तर तो आउट नव्हे; ती मध्याची चूक आहे. रिम ब्रेकच्या सायकलचे पुढचे चाक उलटे करून, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करून बसवावे. रिम आता विरुद्ध बाजूला सरकलेली दिसली तर चूक चाकात आहे. ती पूर्वीच्याच बाजूला राहिली तर चूक चिमट्यात किंवा ब्रेकमध्ये आहे. मागच्या चाकासाठी डिश गेज (रिम हबच्या मध्यावर आहे का ते दाखवणारे माप) वापरावा. तो नसेल तर सारख्या उंचीच्या तीन विटांवर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर रिम आडवी ठेवावी, हबच्या खालच्या लॉकनटला (आसावरच्या बाहेरच्या नटला) टेकेपर्यंत नाण्यांची चळत रचावी आणि मग चाक उलटे करून तीच चळत दुसऱ्या लॉकनटखाली बसते का ते पाहावे. जो फरक दिसेल त्याच्या निम्म्याने रिम मध्यापासून सरकलेली असते. ती मध्यावर आणताना ज्या बाजूला रिम न्यायची, त्या बाजूचे सर्व निपल सारख्या प्रमाणात आवळावेत. ताण आधीच पुरेसा असेल तर विरुद्ध बाजूचे सर्व निपल ढिले करावेत.

पहिल्या फेरीत येणारा टणटण आवाज

नवे चाक घेऊन निघताच काही अंतरापर्यंत स्पोकमधून टण्‌टण्‌ असा आवाज येतो आणि मग थांबतो. कित्येकांना हा चाक जागेवर बसल्याचा शुभ संकेत वाटतो. प्रत्यक्षात तो स्पोकमध्ये राहिलेला पीळ सुटल्याचा आवाज आहे. निपल आवळताना आट्यांच्या घर्षणामुळे स्पोकही थोडा निपलबरोबर फिरतो. निपल फिरवण्याची चावी काढल्यावर तो पीळ तसाच अडकून राहतो, आणि रस्त्यावर भार येऊन स्पोक क्षणभर सैलावला की सुटतो. पीळ सुटला की निपलची आट्यांवरची जागा बदलते, म्हणजे ताण बदलतो, म्हणजे स्टँडवर अगदी सरळ केलेले चाक एक-दोन किलोमीटरमध्ये वाकडे होते. चाक बांधणाऱ्याने आउट काढला होता हे खरे असते आणि चाक वाकडे झाले हेही खरे असते.

हा पीळ डोळ्यांनी पाहता येतो. निपलपासून चार बोटे अंतरावर स्पोकला चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा झेंड्यासारखा लावावा आणि निपलला पाव फेरा द्यावा. जाड, सरळसोट २ मिलिमीटरच्या स्पोकवर झेंडा जेमतेम हलतो. मधला भाग १.८ मिलिमीटरपर्यंत बारीक केलेल्या स्पोकवर तो स्पष्ट वळलेला दिसतो, आणि १.५ मिलिमीटरच्या स्पोकवर चाकाला बराच ताण चढल्यानंतर अशी वेळ येते की निपल पाव फेरा फिरतो, झेंडाही जवळजवळ तेवढाच फिरतो आणि ताणात काहीच वाढ होत नाही. उपाय सोपा आहे. जेवढे आवळायचे त्यापेक्षा थोडे पुढे जावे आणि झेंडा मूळ जागी येईपर्यंत चावी मागे आणावी. हाताला सवय झाली की झेंड्याची गरज उरत नाही. बोटांत धरलेल्या स्पोकचे वळणे जाणवते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्याकडच्या कित्येक जुन्या कारागिरांचा हात लोखंडी रिम आणि जाड स्पोकच्या काळ्या सायकलींवर तयार झालेला आहे. पुढे ३२ आणि मागे ४० स्पोकची ती चाके त्यांनी नजरेने आणि कानाने उत्तम बांधली, त्या कौशल्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु त्या जाड स्पोकना पीळ फारसा बसत नसे, त्यामुळे चावी मागे आणण्याची सवय त्या कामात लागण्याचे कारणच नव्हते. बारीक स्पोकचे चाक अशा कारागिराकडे देताना ही एक गोष्ट नम्रपणे सांगितली तर ते काम तोडीस तोड होते.

पीळ कमी व्हावा यासाठी बांधणीपूर्वीच स्पोकच्या आट्यांना आणि निपल रिमवर जेथे टेकतो त्या जागेला तेलाचा थेंब द्यायला हवा. चाक कोरडे बांधले गेले असेल तर नंतरही प्रत्येक निपलच्या दोन्ही टोकांना पातळ तेल सोडता येते, मात्र ब्रेकची पट्टी आणि डिस्क पूर्ण झाकूनच.

टणटण पहिल्या फेरीनंतरही दर वेळी येत राहिली, तर ती पिळाची नाही. स्पोक जेथे एकमेकांना ओलांडतात त्या जागी ते घासत असतील तर पेडल मारण्याच्या लयीत कुरकुर येते. ओलांडणीवर तेलाचा थेंब देऊन, पुसून पाहावे. रिमच्या पोकळीत बांधताना पडलेला एखादा निपल राहिला असेल तर हळू वेगात खुळखुळ ऐकू येते. खोल रिममध्ये लांब व्हॉल्व्हही असाच वाजतो.

ताण सारखा करणे, म्हणजे मुख्य काम

आता मूळ दोषाकडे येऊ. चाक एका जागी उजवीकडे जाते आहे असे धरू. ते उजवीकडे जाण्याची दोन कारणे संभवतात: त्या जागेचा उजवा स्पोक इतरांपेक्षा जास्त आवळलेला आहे, किंवा डावा स्पोक इतरांपेक्षा ढिला आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. पहिल्या प्रकारात उजवा ढिला करायला हवा, दुसऱ्यात डावा आवळायला हवा. उलटे केले तरी चाक सरळ होते, पण मग एकाच जागी दोन्ही स्पोक अति घट्ट किंवा दोन्ही अति ढिले होऊन बसतात. अति ढिल्या जोडीचे निपल रस्त्यावर फिरतात आणि चाक पुन्हा आउट होते. दुकानात तीनदा जाऊन आलेले चाक हातात घेतले तर असे ढिले-घट्ट पट्टे बहुधा सापडतात.

म्हणून चावी लावण्यापूर्वी त्या जागेच्या आसपासचे पाच-सहा स्पोक नखाने छेडून ऐकावेत. एका बाजूच्या, सारख्या जाडीच्या आणि लांबीच्या स्पोकमधून सारखाच सूर यायला हवा. मागच्या चाकात उजव्या आणि डाव्या बाजूचे सूर वेगळे असणारच, त्यांची आपसात तुलना करू नये. ज्याचा सूर खालचा तो ढिला, ज्याचा वरचा तो घट्ट. एकमेकांना ओलांडणारे स्पोक छेडताना ओलांडणीमुळे सूर दबतो, तेव्हा ओलांडणी आणि रिम यांच्या मधला भाग छेडावा. ताणमापक असेल तर उत्तम. एका बाजूचे सर्व स्पोक त्या बाजूच्या सरासरीच्या वर-खाली २० टक्क्यांच्या आत असावेत, आणि चांगला बांधणारा त्याहून बरेच जवळ आणतो. मापकावरचा आकडा थेट किलो नसतो. स्पोकच्या जाडीनुसार तक्त्यातून ताण काढावा लागतो, हे विसरल्यामुळे पुष्कळ चाके चुकीच्या ताणावर बांधली जातात.

सध्याच्या दुहेरी भिंतीच्या अॅल्युमिनियम रिमवर मागच्या चाकाची उजवी बाजू आणि डिस्कच्या पुढच्या चाकाची डिस्ककडची बाजू साधारणपणे १०० ते १२० किलोच्या ताणावर असावी. रिम बनवणाऱ्याने कमाल मर्यादा दिली असेल तर तीच अंतिम मानावी. टायरमध्ये हवा भरल्यावर रिमवर दाब येऊन ताण काहीसा उतरतो, त्यामुळे मोजणी नेहमी टायर नसतानाच करावी, म्हणजे तुलना बरोबर होते.

चावीचे मापही महत्त्वाचे आहे. निपल ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिलिमीटर अशा मापांत येतात, आणि मोठ्या मापाची चावी लहान निपलवर आधी चालते, मग कोपरे गोल करते. नेहमीच्या २ मिलिमीटरच्या स्पोकवर इंचाला ५६ आटे असतात, म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा सुमारे ०.४५ मिलिमीटरचा. एवढ्या बारीक कामात पूर्ण फेऱ्याला जागा नाही; शेवटच्या टप्प्यात पाव किंवा त्याहून कमी फेराच द्यावा. दिशेचाही गोंधळ होतो: टायरच्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या दिशेने निपल आवळला जातो, पण चाकाच्या तळाचा स्पोक हबच्या बाजूने, वरून पाहताना तीच क्रिया उलट दिशेची दिसते.

ताण सारखा केल्यानंतर एक काम राहते, जे घाईत सर्रास वगळले जाते. हातमोजे घालून, एका बाजूचे जवळजवळ समांतर जाणारे दोन स्पोक एका मुठीत आणि समोरच्या बाजूचे दोन दुसऱ्या मुठीत धरून ते जोराने आवळावेत, आणि असे करत संपूर्ण चाकाभोवती फिरावे. त्यामुळे स्पोकचे वाक हबच्या कडेवर पक्के बसतात, निपल रिममध्ये घट्ट टेकतात, उरलेला पीळ तेथेच सुटतो आणि वाकवताना व आटे पाडताना धातूत राहिलेले अंतर्गत ताण कमी होतात. हे करताना चाक थोडे वाकडे होईल. ते पुन्हा सरळ करून पुन्हा आवळावे. मुठीने आवळूनही चाक हलत नाही अशी वेळ येईपर्यंत हे करावे. डुलणे अर्ध्या मिलिमीटरच्या आत आले की रिम ब्रेकसाठीही पुरेसे आहे. सरळपणाचा शेवटचा दशांश गाठण्यासाठी ताणाचा समतोल बिघडवणे मला अजिबात पटत नाही.

या मुठीच्या परीक्षेतून अति ताणही उघड होतो. आवळल्यावर चाक एका जागी न हलता संपूर्ण रिमच दोन मोठ्या लाटांत वळली, तर ती तिच्या सहनशक्तीच्या कडेला आलेली आहे. सर्व निपल अर्धा फेरा ढिले करून पुन्हा आउट काढावा. रिमवर स्पोकच्या भोकाभोवती फुगवटा किंवा बारीक चीर दिसली तर मात्र ती रिम वापरू नये.

मागच्या चाकाची डावी बाजू

मागच्या चाकात कॅसेटला (दातेरी चक्रांच्या संचाला) जागा देण्यासाठी हबची उजवी कडा मध्याच्या जवळ सरकलेली असते, त्यामुळे रिम मध्यावर ठेवायची तर उजवे स्पोक खूप ताणावे लागतात आणि डावे त्यांच्या निम्म्याच्या आसपास राहतात. उजवी बाजू ६० किलोवरच सोडली असेल तर डावी ३० च्या घरात राहते, आणि पहिला ढिला होणारा निपल तेथेच सापडतो. डावे स्पोक स्वतंत्रपणे आवळून हा प्रश्न सुटत नाही, कारण मग रिम डावीकडे सरकते. उजवी बाजू तिच्या योग्य ताणापर्यंत चढवली की रिम मध्यावर ठेवताना डावी आपोआप चढते. तरीही कमी राहिली तर डाव्या बाजूला बारीक स्पोक घालावेत, कारण तेवढ्याच ताणाला ते जास्त लांबतात आणि भार येताना पूर्ण सैल पडायला वेळ घेतात. मध्यापासून सरकवलेल्या भोकांची रिम हा त्याहून चांगला मार्ग आहे. आट्यांवर लावायचे चिकट द्रव्य डाव्या बाजूपुरते वापरायला हरकत नाही, मात्र ते अपुऱ्या ताणावरचा उपाय नव्हे.

स्पोकच्या लांबीची चूक

आपल्या बाजारात हवी ती लांबी दर वेळी मिळत नाही आणि हाती आहे त्यात भागवले जाते. स्पोक दोन मिलिमीटर लांब असेल तर आटे संपतात आणि निपल पुढे जायला नकार देतो. हाताला तो घट्ट वाटतो, स्पोक मात्र ढिलाच असतो. अशा चाकाची रिम एकेरी भिंतीची असेल तर स्पोकचे टोक निपलबाहेर येऊन ट्यूबला आतल्या बाजूने भोक पाडते, तेव्हा नव्या चाकात आतून होणाऱ्या पंक्चरच्या वेळी रिम टेपखाली बोट फिरवून पाहावे. स्पोक आखूड असेल तर तो निपलच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही, आणि अॅल्युमिनियमच्या निपलचे डोके मानेपाशी तुटून जाते. स्पोकचे टोक निपलच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या खाचेच्या तळाशी यावे, हे योग्य माप. रिम बदलून तेच स्पोक वापरताना दोन्ही रिमचा निपल-बैठकीचा व्यास तपासावा. तो ४ मिलिमीटरने वाढला तर स्पोकही सुमारे २ मिलिमीटरने लांब लागतो.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत अॅल्युमिनियमचे निपल स्टेनलेस स्पोकवर गंजून जाम होतात आणि पावसाळ्यानंतर आउट काढायला गेले की चावीखालीच फुटतात. तेथे पितळेचेच निपल घ्यावेत. वजनातला फरक त्या त्रासापुढे क्षुल्लक आहे.

स्पोक तुटू लागले तर

तुटलेला तुकडा फेकून देऊ नये, कारण तुटण्याचे कारण त्यावरच दिसते. हबपाशी, वाकावर तुटला असेल तर तो थकून तुटला आहे: ताण कमी होता किंवा वाक हबच्या कडेवर नीट टेकलेला नव्हता. बांधताना कडेतून बाहेर येणारा स्पोक कमानीसारखा फुगलेला दिसला तर अंगठ्याने तो कडेलगत दाबून सरळ करायला हवा होता. आट्यांपाशी तुटला असेल तर निपल वाकड्या कोनात बसला आहे का ते पाहावे. मागच्या चाकाच्या उजव्या स्पोकवर, कॅसेटच्या मागे, ओरखडे असतील तर साखळी कधीतरी मोठ्या चक्रावरून आत पडली आहे. अशा स्पोकचा भरवसा धरू नये आणि डिरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) मर्यादा-स्क्रू नीट लावावा.

एक स्पोक तुटला तर तो बदलून सर्व चाकाचा ताण तपासावा. थोड्या काळात दुसरा आणि मग तिसराही वाकावरच तुटला, तर उरलेल्यांनीही तेवढेच सोसलेले असते; एकेक बदलत बसण्यापेक्षा सर्व स्पोक नवे घालून चाक पुन्हा बांधावे. रिम सरळ असेल आणि भोकांपाशी चीर नसेल तर ती आणि हब दोन्ही पुन्हा वापरता येतात. मात्र जुन्या हबच्या कडेवर आधीच्या स्पोकनी खाचा पाडलेल्या असतात. नवे स्पोक त्याच दिशेने आणि त्याच ओलांडणीने घालावेत, म्हणजे ते त्या खाचांतच बसतात. दिशा उलटी केली तर जुन्या खाचेच्या काठावर नवा ताण पडून हबची कडाच तडकू शकते.